एका टेकडीसाठी अख्खा दिवस ठेवा

वाचकांचे प्रश्न, भूगोलाच्या बाईंची उत्तरं

(मागच्या अंकात पावसाच्या प्रश्नाला उत्तर देताना मी २०२३ च्या जूनमधल्या माझ्या स्कॉटलंड मुक्कामाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावरून तीन पत्रं आली. तिन्ही एकाच टेकडीबद्दल आहेत, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले.)

प्रश्न : बाई, आम्ही हिंगणघाट तालुक्यातले. घरी कपाशी-तुरीची शेती. मुलगी एडिंबरोला नोकरीला आहे, येत्या जूनमध्ये आम्ही दोघं तीन आठवडे तिच्याकडे जातोय. ती म्हणते, समुद्राकाठी नॉर्थ बेरिक लॉ नावाची टेकडी आहे, तिथे तुम्हाला नेणारच. मी अठ्ठावन्न वर्षांची, हे त्रेसष्टचे, ह्यांचे गुडघे दुखतात. आम्ही दोघांनीही अजून समुद्र पाहिलेला नाही. भाचा म्हणतो, एवढ्याशा टेकडीत काय ठेवलंय, त्यापेक्षा हायलँड्सची बसची सहल करा. काय करावं?
— एक वाचक, हिंगणघाट तालुका

उत्तर : ताई, टेकडीवरच जा. आणि तिच्यासाठी अख्खा दिवस ठेवा. बसच्या सहलीत बारा तास खिडकीतून डोंगर पळताना दिसतात, उतरायला वीस-वीस मिनिटं मिळतात. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांनी तो पहिल्यांदा उंचावरून, बसून, सावकाश पाहावा असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तिथे चढले, साडी नेसून, पायात मुलाने घेऊन दिलेले बूट घालून.

आधी नावाचं सांगते. ‘लॉ’ म्हणजे कायदा नव्हे. स्कॉट्स बोलीत लॉ म्हणजे टेकडी. नॉर्थ बेरिक हे तिच्या पायथ्याचं समुद्रकाठचं गाव. बेरिक-अपॉन-ट्वीड हे गाव वेगळं, ते सीमेपलीकडे इंग्लंडात आहे आणि तिकडे जाणारी गाडीही एडिंबरोच्या वेव्हर्ली स्टेशनावरूनच सुटते. आमच्या ह्यांनी फलाटावर नुसतं ‘बेरिक’ वाचलं आणि पाय उचलला होता, मुलाने बाही धरून मागे ओढलं. तुमची गाडी ‘नॉर्थ बेरिक’ची. अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, आणि ते शेवटचंच स्टेशन आहे, त्यामुळे पुढे निघून जाण्याची भीती नाही.

टेकडीची उंची १८७ मीटर. आपलं चिखलदरा अकराशे मीटरच्या वर आहे, तेव्हा आकड्याने ती काहीच नाही. गाडीतून ती पहिल्यांदा दिसली तेव्हा आमचे हे मुलाला म्हणाले, “ही टेकडी पाह्याले इतल्या दूर आनलं का रे?” पण ती समुद्रसपाटीजवळच्या जमिनीतून एकदम सुळक्यासारखी वर येते आणि आजूबाजूला तिला झाकणारं काही नाही. म्हणून वरून चारी बाजूंचं दिसतं.

आमची पहिली खेप फुकट गेली. ती कशी गेली ते मुद्दाम सांगते, म्हणजे तुमची जाणार नाही. एडिंबरोहून निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. नॉर्थ बेरिकला उतरलो तर समुद्राकडून गार वारा आणि टेकडीचा वरचा निम्मा भाग गायब. तिकडे या समुद्रधुक्याला ‘हार’ म्हणतात. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला उबदार हवा थंड उत्तर समुद्रावरून सरकते, खालून गारठते आणि धुकं होऊन पूर्व किनाऱ्यावर चढते. पाच-सात किलोमीटर आत ऊन आणि किनाऱ्यावर हात पुढे केला तर बोटं धूसर, असं होऊ शकतं. आम्ही अर्ध्यापर्यंत चढलो. जिनिंगमधल्या कापसाच्या गंजीत शिरल्यासारखं वाटत होतं, फक्त ओलं आणि गार. पायाखालचं गवत निसरडं झालं. हे थांबले आणि म्हणाले, “पाह्याले काहीच नाही, उतरू या.” मी चाळीस वर्षं मुलांना सागरी धुकं शिकवलं होतं, पण ते अंगावर घेण्याची ती पहिली वेळ. मला रडू आलं, कारण आता पुन्हा येणं होणार नाही असं वाटलं. सूनबाई म्हणाली, आपण परत येऊ. पाच दिवसांनी आलो.

म्हणून माझा सल्ला असा की तारीख आधी ठरवू नका. मुलीला सांगा, त्या दिवशीचा नॉर्थ बेरिकचाच अंदाज बघ, एडिंबरोचा नको, आणि एक दिवस राखीव ठेव. जूनमध्ये तिकडे साडेचारच्या सुमारास उजाडतं आणि रात्री दहाला सूर्य मावळतो. सकाळी धुकं असलं तर दुपारी उठण्याची वाट पाहायला भरपूर वेळ आहे.

स्टेशनापासून पायथा दीड किलोमीटरच्या आसपास. तेवढं चालणंही वाचवायचं असेल तर टॅक्सी करा, पायथ्याशी गाड्या लावायची जागा आहे. तिथून मातीची पायवाट टेकडीच्या अंगाने वळत चढते. तरुण मुलं अर्ध्या तासात वर पोचतात, आम्हाला तास लागला. शेवटचा टप्पा खडकाळ आणि चढ उभा आहे. गुडघ्यांचं म्हणाल तर चढण्यापेक्षा उतरताना त्रास होतो, म्हणून काठी न्याच, दोन नेल्या तर आणखी बरं. उतरताना आडवं, तिरकं पाऊल टाका, आपण शेताच्या उंच धुऱ्यावरून उतरतो तसं. वरचा वारा फार जोराचा असतो. छत्रीचा काही उपयोग नाही. कानटोपी, वारा अडवणारं जाकीट, पदर खोचून पिन लावलेला. चपला घालून मुळीच चढू नका.

भाऊंना अर्ध्यावर थांबावंसं वाटलं तर खुशाल थांबू द्या. समुद्र अर्ध्यावरूनही दिसतो.

आता वर काय आहे ते. माथ्यावर देवमाशाच्या जबड्याच्या दोन हाडांची कमान आहे. १७०९ पासून तिथे अशी कमान उभी राहत आली. हाडं वाऱ्या-पावसाने कुजली की नवी बसवायची, असं अनेकदा झालं. शेवटची खरी हाडं २००५ मध्ये काढावी लागली आणि २००८ मध्ये फायबरग्लासची हुबेहूब प्रतिकृती हेलिकॉप्टरने आणून बसवली. बाजूला दगडी भिंतींचे अवशेष आहेत, नेपोलियनच्या काळात समुद्रावर नजर ठेवायला बांधलेल्या चौकीचे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या चौकीचेही. त्याहून जुनी म्हणजे लोहयुगातल्या वस्तीच्या तटबंदीची खूण उतारावर आहे. दर युगात कुणीतरी इथे चढून समुद्राकडे बघत बसलं होतं.

कमानीपाशी उभं राहून उत्तरेकडे तोंड केलं की फोर्थ नदीचं समुद्राला मिळणारं रुंद मुख आणि पलीकडे फाइफचा किनारा. पायाशी गाव, लहानसं बंदर, दोन्ही बाजूंना वाळूचे अर्धगोल. पाण्यात बेटं मांडल्यासारखी दिसतात, फिड्रा, लॅम, क्रेगलीथ. आणि ईशान्येला एकटा, उभ्या कड्यांचा, पांढरा खडक. ह्यांनी बोट दाखवून विचारलं, “थे पांढरं काय हाय? चुना मारला का?”

तो बास रॉक. शंभर मीटरहून थोडा उंच. तो पांढरा दिसतो तो पक्ष्यांमुळे आणि त्यांच्या विष्ठेमुळे. गॅनेट नावाचा मोठा समुद्रपक्षी, पंख पसरले की जवळजवळ सहा फूट. त्याच्या शास्त्रीय नावातच, मोरस बॅसानस, या खडकाचं नाव आहे. फेब्रुवारीच्या सुमारास ते येतात आणि ऑक्टोबरपर्यंत पिल्लं वाढवून दक्षिणेला जातात. २०१४ च्या मोजणीत तिथे पंचाहत्तर हजार घरटी होती, जगातली गॅनेटची सगळ्यात मोठी वसाहत. मग २०२२ मध्ये बर्ड फ्लू आला. २०२३ च्या मोजणीत आकडा बावन्न हजारांच्या आसपास उतरला. आम्ही गेलो तो नेमका त्या मोजणीचाच उन्हाळा. बंदरावरच्या सीबर्ड सेंटरमध्ये खडकावरच्या कॅमेऱ्यांचं चित्र पडद्यावर दिसतं. तिथल्या बाईंनी दाखवलं की गॅनेटचे डोळे एरवी फिकट निळे असतात, पण रोगातून वाचलेल्या काही पक्ष्यांचे डोळे काळे झाले आहेत. काळ्या डोळ्यांचा एक पक्षी घरट्यात मान खाली घालून बसला होता. आपल्याकडे बर्ड फ्लूच्या बातमीने कोंबड्यांचे खुराडे कसे रिकामे होतात ते मी शेजारच्या घरी पाहिलं आहे. ह्यांनी तो पक्षी पाहून हात जोडले.

गुडघ्यांनी साथ दिलीच नाही तर या सेंटरात दोन तास बसा. बंदरातून खडकाभोवती फिरवून आणणाऱ्या बोटीही सुटतात, पण समुद्र खवळला की रद्द होतात, आणि ज्यांनी समुद्रच पाहिला नाही त्यांना पहिल्याच दिवशी बोट लागण्याचा संभव आहे.

सेंटरच्या जवळच एका जुन्या चर्चचे अवशेष आहेत. लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही तिथे जरा थांबा. १५९० मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून नवी राणी घेऊन परतला, प्रवासात वादळं झाली, आणि ती चेटकिणींनी उठवली असा संशय घेतला गेला. त्या चेटकिणी याच चर्चपाशी जमल्या होत्या असा आरोप ठेवून या परिसरातल्या कितीतरी बायाबापड्यांचा छळ करून कबुलीजबाब घेतले. त्यात अ‍ॅग्नेस सॅम्प्सन नावाची सुईण होती, औषधपाणी करणारी. १५९१ मध्ये तिला गळा आवळून मारलं आणि जाळलं. जादूटोण्याच्या संशयावरून एखाद्या म्हातारीला मारल्याची बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रात अजूनही येते. आपला जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ मध्ये. त्या पडक्या भिंतीपाशी मला हे सगळं एकदम आठवलं आणि बराच वेळ बोलवेना.

टेकडीवर पुन्हा येते. शेतकरी आहात म्हणून सांगते, समुद्र पाहून झाला की पाठ फिरवा आणि दक्षिणेकडे बघा. ईस्ट लोथियनची शेतं आहेत, गहू, सातू, बटाटा. आमचे हे समुद्रापेक्षा तिकडेच जास्त वेळ बघत बसले. त्यांनी विचारलं, पाऊस किती? तर तिकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आतच पडतो, स्कॉटलंडमधला हा कोरड्यातला भाग आहे. आपल्या वर्ध्याला त्याहून कितीतरी जास्त. पण त्यांचा पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो आणि थंडीमुळे पाणी उडून जात नाही. आपला जून ते सप्टेंबरात येऊन नाल्यावाटे निघून जातो आणि मेमध्ये जमीन भेगाळते. हे यावर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “पानी कमी नाही आपल्याकडं, टिकत नाही.”

उतारावर लहान चणीची, तपकिरी घोडी चरताना दिसतील. ती एक्समूर जातीची. माजलेलं जाड गवत त्यांनी खाल्लं की खालच्या रानफुलांना ऊन मिळतं, म्हणून ती मुद्दाम ठेवली आहेत. त्यांना खायला घालू नका, जवळही जाऊ नका.

खाण्याचं. शिदोरी घेऊनच निघा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. गावात मासे आणि बटाट्याचे काप सगळीकडे मिळतात, शाकाहारी माणसाला सूप आणि चीजचा पाव. बंदरावर उघड्यावर खाऊ नका, सीगल हातातला घास उचलून नेतात, माझी दशमी अशीच गेली. आणि इथून निघताना तूप, पेढे, खवा पेटीत भरू नका. दुधाचे पदार्थ आणि मांस आपल्या देशातून तिकडे न्यायला बंदी आहे. चटण्या, पापड, लोणचं चालतं. लेकीसाठी तूप नेता येत नाही याचं वाईट वाटेल, मलाही वाटलं होतं.

वाळूवर उतरून पाण्यात पाय जरूर घाला, पण तयारीने. जूनमध्येही ते पाणी बारा अंशांच्या आसपास असतं. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे विहिरीचं पाणीही त्यापेक्षा उबदार लागतं.

प्रश्न : मॅडम, मी बारावीला आहे. मोबाइलवर नकाशा पाहिला तर ही टेकडी सपाट जमिनीत एकटीच दिसते. शेजारी डोंगरांची रांग नाही. अशी एकटी टेकडी तयार कशी होते? आपल्या गाविलगडच्या डोंगरासारखाच तिचा दगड आहे का?
— एक विद्यार्थी, परतवाडा

उत्तर : बेटा, नकाशा पाहून प्रश्न पडणं हेच भूगोलाचं खरं काम.

दोन्ही अग्निजन्यच, पण घडण वेगळी. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना घाटात जिथे कडा कापला आहे तिथे पुढच्या वेळी खिडकीतून नीट बघ. आडवे थर दिसतील, भाकरीवर भाकरी ठेवल्यासारखे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलांब भेगा पडून पातळ लाव्हा पुन्हापुन्हा पसरला, त्याचे हे थर. तो आपला काळा पाषाण, बेसॉल्ट.

नॉर्थ बेरिक लॉ म्हणजे लाव्हाचा थर नाही, ते ज्वालामुखीच्या नळीत अडकलेलं बूच आहे. गुऱ्हाळावरची मातीची चूल डोळ्यांसमोर आण. समज, तिच्या धुराड्यात रस शिरला आणि तिथेच थिजून दगड झाला. मग वर्षानुवर्षांच्या पावसाने चुलीची माती वाहून गेली. काय उरेल? धुराड्याच्या आकाराचा तेवढा गोळा. तसंच इथे झालं. सुमारे तेहतीस-चौतीस कोटी वर्षांपूर्वी वर येणारा रस नळीत गोठला, भोवतीची मऊ राख आणि खडक झिजून गेले आणि कठीण गाभा उघडा पडला. आपल्या पाषाणाच्या पाचपट वय. त्या काळी स्कॉटलंडचा भूभाग विषुववृत्ताजवळ होता, हे वाचून थांब आणि पृथ्वीच्या गोलावर बोट ठेवून बघ तो किती सरकला. तो बास रॉकसुद्धा असंच एक बूच, फक्त समुद्रात उभं.

इथला दगड ट्रॅकाइट, काळा नाही, तांबूस-तपकिरी. टेकडीच्या खाणीतून काढलेल्या या दगडाची जुनी घरं गावात आहेत. मी भिंतीवर हात फिरवून पाहिला, आपल्या पाषाणापेक्षा खरखरीत लागतो.

आकाराला शेवटचा हात बर्फाने लावला. हिमयुगात पश्चिमेकडून पूर्वेकडे बर्फाचे जाड थर सरकत गेले. पश्चिमेची बाजू घासून उभी झाली आणि पूर्वेला, टेकडीच्या आडोशाला, उतरती शेपटी उरली. पुरानंतर नाल्यात उतरून मोठा धोंडा शोध. पाणी जिकडून येतं तिकडची बाजू धुतलेली असते, मागे गाळाची निमुळती शेपटी असते. त्याची वहीत आकृती काढ, बाण दाखव. परीक्षेत हा प्रश्न येईल की नाही ते सोडून दे.

प्रश्न : मी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजची जुनी विद्यार्थिनी, आता काटोलजवळ गावी राहते. ज्यांच्या नावाचं कॉलेज ते रेव्हरंड हिस्लॉप याच बेरिकचे होते असं ऐकलं. खरं का?
— एक वाचक, काटोल तालुका

उत्तर : याच बेरिकचे नव्हे, पण फार दूरचेही नव्हेत. स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ मध्ये डन्स या गावी झाला. ते बेरिकशायर परगण्यात येतं, म्हणून घोटाळा होतो. टेकडीवरून दक्षिणेला लॅमरमुइर डोंगरांची निळसर रांग दिसते, डन्स तिच्या पलीकडे.

१८४५ मध्ये ते नागपुरात आले, मिशनरी म्हणून. पण त्यांना दगडांचं वेड होतं. नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये सापडलेल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचा आणि वनस्पतींच्या जीवाश्मांचा त्यांनी आपले सहकारी हंटर यांच्यासोबत अभ्यास केला. म्हणजे एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळी झाली, झाडं वाढली, आणि मग दुसरा लाव्हा आला. विदर्भाच्या जमिनीची ही गोष्ट मी वर्गात सांगितली ती या माणसाच्या कष्टांच्या जोरावर. हिस्लोपाइट हे खनिजाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून रात्री परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. सेहेचाळिसावं वर्ष सुरू होतं.

दुसऱ्या खेपेला, वरून उतरायच्या आधी, मी दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिले. माझ्या पिशवीत घरून नेलेला आपल्या काळ्या पाषाणाचा लहान तुकडा होता, मुलांना दाखवायला वर्गात ठेवायची तोच. तो तिथे ठेवून यावा असं वाटलं होतं. ठेवला नाही. उद्या कुणी विद्यार्थी त्या टेकडीवर दगड शोधत आला तर त्याचा गोंधळ होईल. हातात धरून लॅमरमुइरच्या दिशेने दाखवला आणि पुन्हा पिशवीत टाकला. हे खालून हाका मारत होते, शेवटची चढण उतरायला त्यांना माझा हात हवा होता.